पांगुळगाडा

कुणाच्या तरी कपाटामागून निघालेला लाकडी गाडा
कुल्याश आजीनं पाच मजले चढवून आणला.
(माझी सासू. पोरगी झाल्यापासून
सगळेच तिला आजी म्हणतो.)
त्याचं पूर्ण नाव ती घेत नाही.
नुसतं 'गाडा' म्हणते,
आणि माझ्या डाव्या पायाकडे न बघता
चहात दूध ओतते.

तोल्गानाय अकरा महिन्यांची.
तिला गाडा नको.
तिला हवी हीटरमागची फट,
बुटांचा कप्पा, त्यातला तळाचाच बूट,
कांद्याची साल.
खुर्चीला धरून उभी राहते, मग खुर्चीच विसरते,
दोन्ही हात सोडून टाळ्या वाजवते
आणि धपकन बसते,
जसं काही बसायचंच होतं.

बाहेर कारागांडाचा बर्फ
दुपारपर्यंत कोळशानं करडा होतो.
झाझिरा काचेवर वाफ सोडते,
पोरगी त्या धुक्याला आधी बोट लावते, मग जीभ.

शनिवारी दोरा कापायचा आहे.
काळा नि पांढरा, एकात एक पिळलेला,
दोन्ही घोट्यांना मिळून सैलसा बांधायचा,
आणि ज्याची चाल चांगली त्यानं कापायचा.
मूल त्याच्यासारखं चालतं म्हणतात.
चार रात्री फोनवर हेच.
उपमुख्याध्यापक? फेंगडे.
अल्माटीची मावशी? झपझप चालते, पण
दोन नवरे मागे टाकून चाललीय.
शेवटी ठरली रौशान टपालवाली,
उणे तीस असो की चाळीस,
जिना चढून आली तरी जिला धाप लागत नाही.
माझं नाव कुणी काढलं नाही.
मीही नाही काढलं.
दोऱ्याला पीळ मात्र मी दिला,
तेवढं कुणाच्या लक्षात आलं नाही.

खाणीवर मी दिवे देतो.
पाय गेल्यापासून
(गेला नाही, आहे. वाकत नाही)
खाली उतरत नाही.
खिडकीतून माणसं नंबर सांगतात, मी दिवा सरकवतो.
पाळी सुटली की परत घेतो, मोजतो,
बरोबर आले तरी
पुन्हा मोजतो.

बुधवारी सकाळी, रात्रपाळीहून येऊन
दारात बूट काढत होतो.
ती भिंतीपाशी. तिला माझ्या डब्याची पिशवी हवी होती.
आली.
चार पावलं.
उजवं टाकायची, आणि डावं
मागून ओढून आणायची,
गुडघा न वाकवता,
खांदा जरासा पाडून.
हुबेहूब.

झाझिरा हसली. मग थांबली.
आजीनं खांद्यावरून तीनदा थू थू केलं.
सगळीच पोरं आधी अशी चालतात, म्हणाली.
असेल.

गुरुवार, शुक्रवार मी बसून काढले.
ती जागी असली की उठायचं नाही.
पाणी हवं तर मागायचं,
बाकीचं ती झोपेपर्यंत दाबून धरायचं.
पण ती रांगत येते नेमकी माझ्याकडेच,
डाव्या गुडघ्याला धरून उभी राहते.
वाकत नाही ना, म्हणून तिला तो पक्का वाटतो.
खुर्ची सरकते. गाडा तर पळतोच.
हा एवढाच घरात एक, जो हलत नाही.

शुक्रवारी रात्री झाझिराचे हात कणकेत.
'ऊठ, दूध येतंय वर.'
'ती बघतेय.'
'बघू दे. दूध थांबणार नाहीये.'

उठलो.
तिनं पँटच्या शिवणीला मूठ घातली, सोडेचना.
मी एक टाकलं. ती एक.
मी ओढलं. तिनंही.
मध्ये ती थांबली,
फरशीवरचा एक तुकडा उचलून नीट पाहिला,
परत ठेवला,
मग पुन्हा निघालो.

झाझिरा पाठमोरी होती, कणीक मळत होती,
की वळायचं टाळत होती, कोण जाणे.

आम्ही पोचेपर्यंत
दूध गेलं होतं.