हाकेचं अंतर

मालार्ग्वेच्या दक्षिणेला, रस्त्याची आधी खडी होते
आणि मग नुसतीच माती,
तिथे आमची थाळी.
पस्तीस मीटर रुंद, सहाशे टनांची,
आणि वळते इतकी हळू
की कडेला बसलेल्या कारांचो पक्ष्याला कळत नाही
आपलं तोंड कधी फिरलं.

मी इथली मेकॅनिक. ग्रीस, बेअरिंग, पंप.
आकाशातलं मला फारसं कळत नाही.
आकाशवाले जर्मनीत बसतात,
फोन करतात, दर वाक्याला सॉरी म्हणतात.
जूनमधल्या त्या रात्री म्हणाले,
सॉरी ओतिलिया, यान अजून गप्पच आहे.
मी पाहतच होते. आठ दिवस झाले,
पडद्यावर जिथे एक बारीक काटा उभा राहायचा
तिथे नुसतं गवत.

काटा म्हणजे काय, सांगते.
यानाच्या रेडिओत जीव एका दिव्याएवढा.
इथे पोचेस्तोवर तो इतका विरतो
की मुंगीला पापणी असती, तर तीही लवली नसती.
म्हणून ऐकणारं यंत्र आम्ही हेलियमनं गोठवतो,
शून्याखाली अडीचशे अंश,
कारण ऊब म्हणजेही आवाजच,
आणि आपलाच आवाज आपल्या कानाआड येतो.
(हे मला लग्नाच्या वेळी कळायला हवं होतं.)

दोन वाजून दहा मिनिटांनी हाक गेली.
यान आहे तिथे नाही,
हाक पोचेल तेव्हा असेल, तिथे.

मग कुंपणाशी कंदील.
दोन फाउस्तिनो कायुपान, पोंचोवर बर्फ,
एक शेळी हरवलेली, पांढरी, तीही बर्फातच.
आत घेणं नियमात बसत नव्हतं.
तो बसला.

येर्बाचा कडू काढा भोपळ्यात ओतून दिला.
काय चाललंय, म्हणाला.
हाक मारलीय.
किती लांब?
जायला एक्कावन्न मिनिटं. यायला तेवढीच.
त्यानं मान हलवली, जणू मी
पलीकडच्या खोऱ्यातल्या कुणाचं नाव घेतलं होतं.
उन्हाळ्यात वर डोंगरात, म्हणाला,
माझा बाप नदीपलीकडच्या आईला एकदाच हाक मारायचा.
मग अख्खा भोपळा रिकामा करायचा. मग कान द्यायचा.
दोनदा ओरडणाऱ्याला
स्वतःचाच पडसाद ऐकू येतो.

तोवर थाळीत वीतभर बर्फ साचला.
मी तिला कलती केली, पार क्षितिजापर्यंत,
आणि बर्फ घसरला तेव्हा
झोपेत कुणी कूस बदलावी तसा आवाज झाला.
पुन्हा वर आणली. अकरा मिनिटं शिल्लक होती.

तीन बावन्न. गवत.
तीन त्रेपन्न. गवत.
चारच्या सुमारास दोन फाउस्तिनो उठला,
भोपळा पालथा ठेवून कंदील घेऊन गेला,
आणि जर्मनीतून फोन आला,
सॉरी, आणखी एकदा.
बापाचं ते ऐकूनही मी ट्रान्समीटर चालू केला.
चार चाळीस.

साडेपाचला यान डोंगरामागे मावळलं.
पृथ्वी फिरते, तिला थांब म्हणता येत नाही.
आपण मारलेल्या हाकेला
ओ आली, तर आता ती
ऑस्ट्रेलियातल्या थाळीच्या कानात येणार होती.
मी हातांचं ग्रीस धूत होते.

सहा पंचवीसला तिकडच्या ब्रॉनविननं फोटो पाठवला.
गवतात एक काटा.
वाकडा, बुटका, पण उभा.
पहिल्या हाकेचं उत्तर की दुसऱ्या,
जर्मनीत अजून वाद चालू आहे.
आमच्या कानानं मात्र ते ऐकलं नाही.
त्या सकाळी मला थोडा रागच आला होता, खरं सांगायचं तर.

दोन फाउस्तिनो अजूनही येतो.
शेळीचं विचारलं
की काढा ओढत राहतो,
भोपळा तळाशी खरखरेपर्यंत,
आणि मग खिडकीकडे तोंड करून
कान देतो.