पान सहावं, चादर

'घाबरू नकोस' हे वाक्य
मी आज चौथ्यांदा खोडलं.
लिहायला सोपं आहे ते.
पण ते ऐकून भीती गेलेलं एकही पोर
राजेंद्रनगरच्या बालवाडीत सतरा वर्षांत
मी पाहिलेलं नाही.

सोळा पानांचं पुस्तक. पानावर एक ओळ, फार तर दोन.
लोकांना वाटतं, अर्ध्या तासाचं काम.
मी आठ महिने
एका ओल्या चादरीपाशी अडकलेय.

धड शब्दच नाही.
'अंथरूण ओलं केलं' म्हटलं की
लगेच कुणीतरी कोपऱ्यात उभं राहतं, मान खाली घालून.
'शू झाली' हे बरं.
सकाळ झाली, दूध उतू गेलं, तशी झाली.
कुणी केली ते न सांगणारं वाक्य
पोराला केवढी जागा देतं
हे डी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं.

चित्रं दस्तगीरभाईंची.
चाळीस वर्षं त्यांनी तालमींच्या भिंतींवर पैलवान काढले,
ट्रॉल्यांवर बैल, दूधकट्ट्यावर म्हैस.
त्यामुळं पहिल्या खेपेला आमचा पाच वर्षांचा नायक
चादरीसमोर शड्डू ठोकून उभा.
"भाई, हा कुस्तीला निघालाय."
"मग काय रडका काढू?"
"रडका नको. नुसता उठलेला काढा.
पहाटेचा. चड्डी गार पडलीय,
आणि अजून कुणाला कळलेलं नाही."

भाईंचा ब्रश हवेतच राहिला.
मग बराच वेळ ते डब्याचं झाकण शोधत होते,
जे त्यांच्या मांडीवरच होतं.
"अकरा वर्षांचा होस्तोवर," म्हणाले.
"अम्मी उजाडायच्या आत वाकळ धुऊन टाकायची.
शेजारणीला सांगायची, मांजरानं कळशी लवंडली.
आमच्याकडं मांजर नव्हतंच."

ते मांजर आता तिसऱ्या पानावर आहे.
पाठमोरं, शेपूट पायाशी गुंडाळून.
त्याच्यावर मी एकही ओळ लिहिली नाही.

प्रकाशक म्हणाले, शेवटी बोध कुठाय?
त्या रात्रीपासून गादी कोरडी, असं टाका की.
मी म्हटलं, आणि ज्याची कोरडी राहिली नाही
त्यानं पुस्तक मिटून कुठं जायचं?
ते फोनवर थोडा वेळ गप्प होते.
सोळाव्या पानावर मग आम्ही
तारेवर वाळणारी दुसरी चादर ठेवली. हिरव्या चौकड्यांची.

बालवाडीत वाचून दाखवलं त्या दिवशी
सहाव्या पानावर शौर्यजितनं हात वर केला.
"बाई, तारेवर कावळा बसलाय.
त्येला वास येत नाही व्हय?"
सगळी पोरं लोळून हसली. मीसुद्धा.
विश्वंभर तेवढा हसला नाही.
सुट्टी झाल्यावर त्यानं पुस्तक दप्तरात घातलं,
विचारलं नाही, आणि मी बघितलं नाही.

पंधरा दिवसांनी त्याची आई आली.
घरी चपलांच्या वेण्या वळते ती, बोटांना कातड्याचा रंग.
पदराखालून पुस्तक काढलं.
फुगलेलं. कडांना पिवळी नक्षी.
"रागवू नका बाई. कुशीत घिऊन झोपतंय.
म्हटलं, भिजंल की रं.
तर म्हनतंय, त्यातल्या पोराचं बी भिजतंयच की."

किती पैसे देऊ, तिनं विचारलं.
मी नवं पुस्तक दिलं, जुनं ठेवून घेतलं.

आत्ता शाहूपुरीत छापखान्याच्या पायरीवर बसलेय.
दुसऱ्या आवृत्तीला
ओल न धरणारा कागद काय दरानं पडेल,
आत हिशेब चाललाय, बहुतेक परवडणार नाही.
फुगलेलं पुस्तक मांडीवर उघडून ठेवलंय,
सहावं पान वर,
ऊन लागेल असं.