तीन पौंड कमी

दुपारी अडीचला अजनीच्या सिग्नलवर
लँडमास्टरचा काटा बसत जातो,
वरातीच्या शेवटी बँडवाले बसतात तसा.
चाळीस. पंचवीस. पंधरा.
बारावर जरा थरथरतो.
बाहेर सत्तेचाळीस डिग्री, मागे बसचा हॉर्न,
तोंडावर दुपट्टा गुंडाळलेली मी,
कोराडीला बत्तीस वर्षं टर्बाइनच्या बेअरिंगांचा दाब
तासातासाला वहीत उतरवलेली बाई,
आणि हा बारा.
वहीत असता तर मी फोन उचलला असता.

छप्पन सालची गाडी. फंडाच्या पैशातून,
काटोल रोडच्या एका दंतवैद्याच्या पोर्चमधून
दोराने ओढून आणलेली.
औषध सगळ्यांकडे होतं.
भावजय म्हणाली, विका.
सदरचा दुकानदार म्हणाला, सिंथेटिक टाका,
पाण्यासारखं पळतं.
पंपावरचं पोरगं म्हणालं, साठ नंबर, मधासारखं घट्ट.
मी पोराचं ऐकलं.
काटा वर आला, पंचवीसवर बसला
पाट मांडून दिल्यासारखा.
आकडा बरा दिसला की मला बरं वाटतं,
ही नोकरीतली खोड.

मग डिसेंबर. पहाटे आठ डिग्री.
स्टार्टर कण्हत फिरला आणि वर टॅपेट वाजले,
झोपेत कुणी दाढा खाव्यात तसे.
सात सेकंद. मी मोजले.
काटा साठवर, टुणटुणीत.

तांडापेठेत हेडाऊ मिस्त्री.
बापाचा हातमाग होता. माग गेला,
पाय सोडायचा खड्डा राहिला;
याने तो लांब केला, खोल केला,
आता त्यात उभा राहून गाड्यांची पोटं बघतो.
खड्ड्यातूनच बोलला,
"काटा पाहून राह्यल्या का मॅडम?
काटा सांगते का तेल अडून राह्यलं.
पोचून राह्यलं का, ते नाई सांगत."

हे मी शिकाऊ पोरांना फळ्यावर काढून दाखवलेलं आहे.
पंप नुसता ढकलतो.
दाब येतो तो फटींमुळे,
केसाएवढ्या, ज्यांतून तेलाला निसटायचं असतं.
फट रुंदावली की तेल घट्ट करून काटा फसवता येतो.
काटा फसतो.
बेअरिंग उपाशी राहतं.
खडूने. स्वतःच्या हाताने.

संप उतरला. खड्ड्यातून एक हात वर आला,
काळ्या तळव्यावर बेअरिंगचं अर्धं कडं:
राखाडी थर उडालेला, मधे तांबं,
कल्हई गेलेल्या पातेल्यासारखं.
"यात ताक ठेवू नये," मी म्हणाले.
तो हसला नाही.
"जुनं तेल आंबटच होते, मॅडम.
म्हून म्हनतो, तीन हजारावर बदला."

क्रँक घासून आला. नवी कडी बसली.
तेल मात्र मीच निवडलं:
वीस-पन्नास, साधं खनिज, त्यात जस्त.
नव्या गाड्यांच्या धुराड्यांना जस्त सोसत नाही,
म्हणून दुकानं ते मागच्या फळीवर ठेवतात.
माझ्या कॅमवर टॅपेट घासत चालतात,
त्यांच्यात तेवढाच एक पदर.
सदरच्या दुकानदाराने डबा पुसून दिला,
वर म्हणाला, जुना माल आहे.
मी म्हटलं, मीसुद्धा.

मे पुन्हा. अजनी पुन्हा.
बावीस.
घट्ट तेलावर पंचवीस होता. तीन पौंड कमी.
हात आपोआप वही शोधतो.
मी काच खाली करते,
झळ आत येते, आणि झळेबरोबर
इंजिनाचा आवाज,
सुपात तांदूळ हलवावेत तसा, एकसारखा.
ऐकत राहते.
मागचा बसवाला बोंबलतोय.
हिरवा केव्हाच लागला म्हणे.