पाऊण किलो

उद्यमनगरात आमचं रिवाइंडिंगचं दुकान.
पाच हॉर्सपॉवर, साडेसात, दहा:
उसाला पाणी पाजून पाजून जळलेल्या मोटारी
टेम्पोतून उतरतात, तोंडाला करपट वास घेऊन.
एकवीस वर्षं मी त्यांची आतडी काढते, नवी भरते.
जी जड ती भरवशाची,
हा धडा मीच लिहिला, मीच गिरवला.

आणि आता बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानावर
हेलिकॉप्टरच्या सामानाची यादी.
जो तो विचारतो, पोरासाठी का?
नाही. माझ्यासाठी.

आधी मोटर.
लक्ष्मीपुरीत दस्तगीर मुजावरनं काचेवर ठेवली,
बाटलीच्या बुचाएवढी.
ना कार्बन, ना कम्युटेटर.
आतला गाभा गप्प, बाहेरचं कवच फिरतं,
माझ्या सगळ्या मोटारींच्या उलट.
पण वायरी तीन.
उलटी फिरली तर काय, हे विचारायच्या आतच उत्तर आलं:
कुठल्याही दोन बदलायच्या.
चला, एवढं तरी घरचं निघालं.

बारक्या चाकाला अकरा दात, मोठ्याला दीडशे.
दुकानाच्या शटरवर खडूनं भागाकार केला.
पाती मिनिटाला चोवीसशे फेरे घेतील.
शेजारच्या लेथवरचा भैरू बघत होता,
म्हणाला, आक्का, बोटं सांभाळा.

मग बॅटरी.
बावीसशेची घ्यावी की तीन हजारची?
मोठी घेतली तर जास्त वेळ उडेल,
पण मोठी घेतली तर
निम्मा जोर तिलाच उचलण्यात जाईल.
हे पानावर लिहिलं आणि पेन थांबलं.
कोण कोण आठवलं ते लिहिलं नाही.
बावीसशे.

सर्व्हो तीन, शेपटीला चौथा.
डबीवर छापलंय नऊ ग्रॅम.
माझा विश्वास छापील अक्षरावर कधीच नव्हता,
गुजरीत पोतदारांच्या काट्यावर नेऊन ठेवला.
काच लावली, पंखा बंद केला, श्वासही धरला.
बारा ग्रॅम, वर थोडं.
पोतदार चष्म्यावरून बघत म्हणाले,
नऊ म्हणतात होय? घडणावळ धरली नसंल.

पाती लाकडी.
कार्बनची काळी, चकचकीत, हातात धरली की सोडवत नाहीत.
पण पहिलं हेलिकॉप्टर पडणारच.
मोडायचंच आहे ते स्वस्तात मोडू दे.

सगळ्यात महाग निघाला जायरो,
खडीसाखरेच्या खड्याएवढा.
हा काय करतो, मी विचारलं.
"शेपूट जिकडं वळंल तिकडनं माघारी आणतो.
वारं असू दे, नसू दे."
म्हणजे पुढं न्यायला नाही?
"न्हाई. जाग्यावर ठेवायला.
वर जाणं सोपं हाय ओ आक्का,
जाग्यावर थांबायलाच पैसा लागतो."
मी लाल-पिवळ्या टोपणावर काट मारली,
साधं पांढरं घेतलं, आणि जायरो घेतला.

बेरीज आली सातशे अठ्ठेचाळीस ग्रॅम.
आमच्या दहा हॉर्सपॉवरच्या नुसत्या झाकणाला
याहून जास्त वजन असतं.

काल रात्री शटर अर्धं ओढून
पाती न लावता मोटर चालवून बघितली.
सवयीनं व्हाइसमध्ये आवळली होती,
आपल्याकडं चालू मोटर मोकळी कोण ठेवतं?
उलटी फिरली. दोन वायरी बदलल्या.
सुलटी फिरली.
मग कितीतरी वेळ
व्हाइसच्या दांड्यावर माझा हात तसाच,
आणि त्या एवढ्याशा बुचाचा आवाज
पत्र्यापर्यंत जाऊन परत येत होता.

रविवारी तपोवनच्या मैदानावर.
उन्हं चढायच्या, वारं सुटायच्या आधी.
दस्तगीर येतो म्हणालाय, भैरू न सांगता येणार.
यादीत एक ओळ अजून बाकी आहे:
पायाखाली बांधायला दोन आडव्या काड्या,
टोकांना प्लॅस्टिकचे चेंडू, चार,
हलके.