चकाकती बाजू वर

एम्डेनला, बंदराकडे पाठ करून लाइट टेबल लावलंय.
एकतीस वर्षं कॅलेंडरच्या छापखान्यात
लोकांचे सूर्यास्त नापास करण्यात गेली माझी,
पद्धत सुटत नाही:
आधी लांबून, हात मागे बांधून.
वीस चौकोनांतला एखादाच हाक मारतो,
बाकीचे नुसते उजळतात.
मग भिंग. भिंगातून डोळे शोधायचे,
पापण्या मोजता आल्या तर पास.
चहात खडीसाखर तडकते. तेवढाच आवाज.

त्यार्क म्हणाला, आत्या, चाळीसच ठेव,
बाकीच्या बघणार कोण?
खरंय. हे क्षितिज कललेलं. ही गाय अर्धी.
ही किरमिजी पडलेली, निळा उडून गेलाय
समुद्रासकट.
या डब्यात बुरशीनं माझ्या लग्नावर नक्षी काढलीय,
आणि खरं सांगू, मूळ चित्रापेक्षा बरी.

मग ओन्नो. बोटीवर, जाळ्याला टेकून, एकाहत्तर साल.
तो बुडाला तेव्हा मी सहा वर्षांची.
पुढे दर नाताळात चादरीवर हाच यायचा, पुरुषभर उंच,
दिव्याच्या उष्णतेनं स्लाइड फुगली की धूसर व्हायचा.
आई म्हणायची, थांबा, येतोय.
आणि यायचा.

भिंगाखाली आज बटणं दिसली,
बायकांच्या शर्टासारखी, भलत्या बाजूला.
स्लाइड तिरकी धरली:
वर चकाकी हवी, तर इथं मुका, खडबडीत थर,
गालाच्या कडा उठून आलेल्या, जणू कोरल्यात.
उलटी बसवलेली. कुणीतरी, तेव्हाच.
बोटीच्या नावानंही चुगली केली नाही:
ओ, टी, टी, ओ,
आरशात धरलं तरी तेच.

पलटली.
व्रण दुसऱ्या भुवईवर गेला. भांग सरकला.
समोर एक बिनचूक माणूस उभा,
माझ्या ओळखीचा नसलेला.

दाढी करताना ओन्नोला ओन्नो
आमच्यासारखाच दिसत असणार, उलटा.
एवढी वर्षं आम्ही
त्याच्याच जागी उभं राहून त्याला बघत होतो
आणि चादरीला टाचण्या लावत होतो.

नियम असा: सुलट बाजूला, खाली डाव्या कोपऱ्यात, एक टिंब.
पेनाचं टोपण काढून बसलेय. चहा निवला.

त्यार्कला कळवलंय,
एकेचाळीस होतील.
एक दोनदा मोजलाय.