वीस बाय पंधरा

पहिला छापला तो दहा बाय आठचा.
'सावद्याचा सुपुत्र लंडनच्या पार्लमेंटात',
खाली शुभेच्छुकांची सत्तावीस तोंडं,
मधोमध हेमकांत फेगडे. टाय जरा वाकडा होता,
मी कॉम्प्युटरवर सरळ केला.

मंत्री झाला तेव्हा वीस बाय पंधरा.
केळीच्या ट्रकवाल्यांना स्टेशनरोडचं वळण दिसेना,
तरी कुणी काढू दिला नाही.
मावशीनं गल्लीभर भरीत-पुरी वाटली,
हेमू पाटात बुडता बुडता वाचला होता
हे ज्याला त्याला सांगत.

मग कसल्याशा पावत्या निघाल्या,
दुसऱ्या घराच्या भाड्याच्या म्हणे.
टीव्हीवर तो पावसात दोन मिनिटं बोलला,
वळला,
आणि मागचं दार लवकर उघडेना.
पुढच्या निवडणुकीत चौथा.

त्याचा मजकूर घेऊन
दुकानात कुणी आलं नाही.

परवा उधारी मागायला गेलो, साडेतीन हजार.
वीस बाय पंधरा गोठ्यावर ताणलेला,
छापील अंग आत.
खाली म्हैस रवंथ करत होती.
मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली,
"गयत नही रे भाऊ,
माल चांगला वापरला तू."