डावा मागचा पाय

डबी कुरिअरनं आली, पोर्ट ब्लेअरहून,
कापसाच्या चार थरांत.
सोबत बार्नाबसची चिठ्ठी, पेन्सिलीतली:
नर. एकच. रात्री चादरीवर, दिव्याला आलेला.

लांबी तीन पूर्णांक दोन मिलिमीटर.
म्हणजे हुपरीत माझे वडील
पैंजणाच्या ज्या घुंगराला डाग देतात
त्याच्या पोटातल्या खड्याएवढी.

चिमटा कसा धरायचा
हे मला विद्यापीठानं शिकवलेलं नाही.
श्वास कुठल्या बाजूला सोडायचा, तेही नाही.
भट्टीशेजारी बसून दहावी केलेल्या मुलीला
ते येतंच.

मी लिहिते: रंग पिवळसर तपकिरी.
खोडते.
कसला पिवळसर?
गुऱ्हाळात मळी काढून झाल्यावर
काहिलीत जो रंग पाच मिनिटं टिकतो
आणि मग गूळ व्हायला निघून जातो, तो.
पण शोधनिबंधात काहील चालत नाही.
पुन्हा लिहिते: पिवळसर तपकिरी.

स्पृशांचे खंड चार, दुसरा सर्वांत लांब, टोकाशी काळा.
पंखाच्या कडेला पाचरीसारखा त्रिकोण, लालसर.
डोक्यावर साधे नेत्र नाहीत.
सोंड पोटाखाली घडी घातलेली,
कोवळ्या पानातला रस प्यायची,
कुठल्या पानातला, ते माहीत नाही.

पोटाचं टोक कापून पोटॅशमध्ये ठेवलं,
गरम पाण्याच्या वाटीत, वीस मिनिटं.
मांस विरलं, उरला काचेचा साचा.
खरी खूण तिथंच असते,
दोन आकडे, डावा मोठा, कोयत्यासारखा वळलेला.

बाळगोंडा मामा चहा ठेवताना वाकून बघतात.
"जात कुठली म्हनायची ह्येची?"
"नवी आहे, मामा."
"नवी? मग दाखला कोन देनार वो त्येला?"
"मीच."
मामा हसतात, कप पुसतात.
"बरं हाय. पडताळनी तरी नाही."

बुधवारी वीज गेली.
पंख्याचं बटण चालूच राहिलं.
साडेबाराला वीज आली.

बॅटरी, ओला ब्रश, गुडघे.
टेबलाखाली सापडलं:
पेन्सिलीचं साल, मुंगीचं डोकं, एक मोहरी
(इथं मोहरी कुठून आली?)
पाय नाही.

त्या रात्री बार्नाबसला फोन लावला.
पायाचं सांगायचं होतं, झाडाचं विचारलं.
चादर कुठल्या झाडाला बांधली होती?
त्यानं नाव सांगितलं. रेंज गेली. परत सांगितलं.
तिसऱ्यांदा अगदी सावकाश,
जसं लहान मुलाला सांगतात.
मधला स्वर देवनागरीत बसेना.
माझ्याकडं त्याच्यासाठी अक्षरच नव्हतं.
"आई त्याच्या सावलीत खोबरं वाळवायची," तो म्हणाला,
"तेवढं लिही."
मी लिहिलं: यजमान वनस्पती अज्ञात.

आणि दोन ओळी वर:
डावा मागचा पाय नाही.
खोटं नाही काही.
कुठं नाही, ते कुणी विचारत नाही.

रविवारी हुपरीला गेले.
वडिलांनी भिंग कपाळावर सरकवलं,
सगळं ऐकून घेतलं, आणि एकच विचारलं:
"केर काय केलास?"

आमच्या घरी केर टाकत नाहीत.
जिन्याखाली डबा असतो, झाकणाचा.
दिवाळीच्या आधी झारेकरी येतो,
वर्षभराची धूळ धुतो,
आणि वाटीत दाखवतो,
हातून काय काय गेलं होतं ते.

सोमवारी मी मामांच्या आधी पोचले.
बुधवारपासूनचा केर सुदैवानं सुपलीतच होता,
मामांची कंबर धरली होती.

आता कपाटात, कापूर घातलेल्या खणात,
पेटीशेजारी एक खाकी पाकीट आहे.
न चाळलेलं.
वर लेबल, त्याच काळ्या शाईत, त्याच बारीक अक्षरात:
महाराष्ट्र, कोल्हापूर, खोली अकरा, टेबलाखालून.
संकलक: बाळगोंडा पाटील.